तेरावी चूक

पडद्यावर फोटो आला तेव्हा सभागृहातली साठ-सत्तर माणसं हसली आणि त्यांच्याबरोबर युन-चेनही हसली. हसून झाल्यावर तिला कळलं की ते आबा आहेत, तिचे वडील. आधी हसू आणि मग ओळख. मधे फार तर एका श्वासाचं अंतर असेल, पण तेवढ्यात ती त्या साठ-सत्तरांतली एक होऊन बसली होती. तोंड अजून हसण्याच्या आकारातच होतं आणि ते मिटायचं कसं हे तिला सुचत नव्हतं. फोटोत रस्त्याच्या कडेला निळी ताडपत्री होती, तिच्याखाली गॅसच्या टाक्या, परातींची चळत आणि जमिनीवर ठेवलेलं पाण्याचं मोठं पातेलं. पातेल्यापुढे गमबूट घातलेला, गंजीफ्रॉकातला एक माणूस उकिडवा बसला होता. समोर साफ केलेल्या कोंबड्या, कानावर सिगरेट, गळ्यातल्या टॉवेलाचं टोक तोंडापाशी. ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली होती, पण ती जराशी तिरकी बसली होती. डावा डोळा खालून अर्धा उघडा राहिला होता आणि बघणाऱ्याकडे सरळ बघत होता. लोक त्या डोळ्याला हसत होते.

"आत्ताच हसून घ्या," फांग मॅडम म्हणाल्या. तिशीच्या आतल्या, उत्साही, गळ्यात ओळखपत्र. "जेवणानंतर याच फोटोवर तुमची चाचणी आहे. चुका शोधायच्या. उत्तरसूचीत बारा आहेत, बघू कोणाला किती सापडतात." मग पडद्यावरून आबा गेले आणि त्यांच्या जागी फ्रीजचं तापमान आलं.

आबांना जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते. सुतकाचा सातवा आठवडा अजून पुरा व्हायचा होता, म्हणून युन-चेनच्या डाव्या बाहीवर पिनेनं लावलेला तागाचा लहानसा चौकोन होता. आबा आचारी होते. रस्त्यावर मांडव घालून, दहा-दहा माणसांची साठ-साठ टेबलं मांडून लग्नाची, देवळाची, घरभरणीची जेवणं घालणारे. जायच्या आधी त्यांनी नवव्या महिन्यातलं एक लग्न घेऊन ठेवलं होतं. भट्टी सांभाळायला चुलतभाऊ आ-शिंग होता, त्याच्याकडे स्वयंपाकाचा परवाना होता, पण पथकाची नोंदणी आणि विमा आबांच्या नावावर. पाहुण्यांपैकी कोणाला अन्नातून काही झालं तर भरपाई देणारा विमा, ज्याचा कागद दाखवल्याशिवाय आता कोणी मांडव घालू देत नाही. विमा दुसऱ्याच्या नावावर करायचा तर त्या माणसानं आरोग्य नियमांचा आठ तासांचा वर्ग केलेला हवा. "तूच कर ना," आ-शिंग म्हणाला होता. "मी दोन ओळी लिहायला बसलो की मला झोप येते. तू तर दिवसभर दुसऱ्यांच्या चुकाच शोधतेस." तायपेमध्ये ती शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. आ-शिंगचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून ती शेतकरी संघाच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात आली होती, सॉसेज भाजणारे, बर्फाचं गोड विकणारे, जत्रेत खारी कोंबडी तळणारे अशांच्या रांगेत. सकाळी एक सही, जेवणानंतर एक, संध्याकाळी एक. तिन्ही सह्या असतील तरच प्रमाणपत्र. मधेच उठून गेलं तर आठ तास गेले, पुढचा वर्ग दीड महिन्यानं, आणि लग्न त्याच्या आधी.

उठून जावं असं तिला वाटत होतं. कच्चं वर आणि शिजलेलं खाली ठेवल्यानं काय होतं हे फांग मॅडम सांगत होत्या. युन-चेनच्या वहीत "कच्चं खाली, शिजलेलं वर" एवढं सुबक अक्षरात लिहून झालं होतं आणि त्यापुढे पेन तसंच टेकून राहिल्यामुळे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. आपण हा फोटो विसरलो कसा, याचं तिला नवल वाटत नव्हतं. विसरायचा म्हणूनच विसरला होता. बारा वर्षांपूर्वी, कॉलेज संपल्यावर, हे वर्ग चालवणाऱ्या याच संस्थेच्या कचेरीत ती आठ महिने हंगामी कामाला होती. तेव्हाच्या साहेबीणबाईंना सगळे घाबरायचे. एकदा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "कुणाकडे मांडवातल्या स्वयंपाकाचा एखादा फोटो आहे का? चांगला नको, जसा असतो तसा हवा." कचेरीत कोणी काही बोललं नाही. मग युन-चेन म्हणाली, माझ्याकडे आहे. ती काही विचारपूर्वक बोललेली नव्हती. तिला फक्त त्या शांततेत आपला उपयोग व्हावा असं वाटलं होतं. साहेबीणबाईंनी फोटो बघून मान हलवली. "झकास. कोण आहे हा?" आणि युन-चेन म्हणाली, "असाच एक आचारी. ओळखीचा नाही." डोळ्यांवरची पट्टी तिनंच मारली होती. दुपारी, माणसं जेवायला गेलेली असताना, घाईघाईत, कोणी खांद्यावरून डोकावायच्या आत. म्हणून ती तिरकी बसली.

कचेरीच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात तिनं 'खाद्यसेवा' लिहिलं होतं. शाळेत असताना आबांच्या अंगाला येणारा तळलेल्या कांद्याचा आणि रॉकेलचा वास तिला घरी कळायचा नाही, शाळेच्या फाटकाशी मात्र कळायचा. त्यांनाही ते समजलं असावं, कारण पाचवीपासून ते फाटकापर्यंत न येता कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी थांबायला लागले. कोणी काही ठरवलं नव्हतं. त्या कचेरीतल्या वसंतात आबा स्वतः वर्गाला आले होते, दर वर्षीसारखे. दारातल्या टेबलावर सह्या घ्यायला युन-चेन बसली होती आणि तिच्या मागे साहेबीणबाई उभ्या होत्या. इस्त्रीचा शर्ट घातलेले आबा समोर आले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटतच होतं, तेवढ्यात तिनं पेन पुढे केलं आणि म्हणाली, "नाव इथे लिहा, नावाचा शिक्का तिथे." आबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मागे उभ्या असलेल्या बाईंकडे. मग वाकून सावकाश नाव लिहिलं, शिक्का उमटवला, पेन दोन्ही हातांनी परत दिलं. "आभारी आहे, मॅडम," म्हणाले आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. रात्री जेवताना त्यांनी तिच्या वाडग्यात माशाच्या गालाचा तुकडा घातला, नेहमीसारखा, आणि पावसाबद्दल काहीतरी बोलले. पुढच्या हिवाळ्यात ती तायपेला गेली. फोटो पडद्यावर लागायला सुरुवात झाली ती त्यानंतर. म्हणजे आबांनी तो पाहिला असेल. दर वर्षी आठ तास. हा हिशेब तिनं कधी केला नव्हता. आता करायचं ठरवलं नाही तरी तो आपोआप होत होता, अकरा वर्षं, अकरा वेळा, शेवटची रांग, दिवे मंद केलेले, आणि आजूबाजूला हेच हसू.

जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना कागदी डबे मिळाले. युन-चेन जिन्याकडच्या खिडकीपाशी गेली. खाली तिची स्कूटर दिसत होती. किल्ली खिशात होती. आ-शिंगला सांगता येईल की चक्कर आली, उन्हाळा आहे, एकेचाळीस दिवस झोप नाही, सगळं खरंच आहे. लग्नवाल्यांना दुसरा आचारी मिळेल. भांडी घासणाऱ्या, भाज्या चिरणाऱ्या बायकांना आबांनी फोन करून तारीख सांगून ठेवली होती. त्यांना पुन्हा फोन करावा लागेल, इतकंच.

"तू तिएन-लायची मुलगी ना?" मागून कोणीतरी म्हणालं. ठेंगणी, जाड मनगटांची, साठीपुढची बाई. दंडावर तेलानं भाजल्याचे जुने डाग. ती डबा घेऊन सरळ युन-चेनशेजारच्या खुर्चीवर बसली. "बाहीवरचा ताग बघितला आणि म्हटलं, हनुवटी तर तीच आहे. मी ग्योक-की. देवळासमोर खारी कोंबडी तळते. मावशी म्हण. तुझा बाप दर वर्षी माझ्याशेजारी बसायचा आणि मला जागं ठेवायचा."

"मावशी," युन-चेन म्हणाली.

"खा की. तो असता तर एव्हाना यातल्या भाताला नावं ठेवून झाली असती. आणि मग सगळा संपवला असता." मावशीनं आपल्या डब्यातलं अर्धं अंडं उचलून युन-चेनच्या डब्यात टाकलं. "सकाळी तुझ्याकडे बघत होते. म्हटलं, पोरीला कोणी सांगितलेलं दिसत नाही. बापाला पडद्यावर बघून दचकलीस ना?"

युन-चेननं मान हलवली. हलवली म्हणजे होकार दिला की नकार, तिलाही सांगता आलं नसतं.

"आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ती पट्टी काय लपवणार? ते गमबूट आख्ख्या तालुक्याला माहीत. पहिल्या वर्षी मी हसले नाही, बरं का. मला वाईट वाटलं. मी त्याच्याकडे बघितलं तर तोच हसत होता. मला म्हणतो, ग्योक-की, बघ, सरकारनं मला निवडलंय. तेव्हापासून आम्ही त्याला हिरो म्हणायचो. दर वर्षी फोटो लागला की मागून कोणीतरी ओरडायचं, हिरो, सही द्या. आणि सुट्टीत तो सगळ्यांना गार चहा पाजायचा. म्हणायचा, नट झालो म्हणजे खर्च आलाच."

"त्यांना कळलं होतं का," युन-चेननं विचारलं, आणि पुढचे शब्द डब्यातल्या भाताकडे बघत पूर्ण केले, "फोटो कुणी दिला ते?"

"विचारलं मी. दोनदा विचारलं. म्हणाला, असेल कोणी येणारं-जाणारं." मावशीनं चॉपस्टिकनं दातातलं काहीतरी काढलं. "पण त्याचा एक हट्ट होता. मॅडम म्हणायच्या बारा चुका. हा दर वर्षी हात वर करून म्हणायचा, तेरा. आणि तेरावी कुठली म्हटलं की म्हणायचा, फोटो काढणारा माणूस. तो कुठं उभा आहे? भटारखान्याच्या आत. डोक्यावर टोपी नाही, केस मोकळे. मॅडम म्हणायच्या, काका, तो फोटोत नाही, त्याचे केस तुम्हाला कसे दिसले? तर म्हणायचा, खाली कोपऱ्यात बघा, सावली आहे. आणि खरंच आहे गं. बारीकशी आहे, पण वाऱ्यावर केस उडताना दिसतात. आम्ही हसून हसून मरायचो. दर वर्षी तोच विनोद, तरी हसायचो."

युन-चेननं डबा मांडीवर ठेवला. तिला तो उन्हाळा आठवला, आणि तो तिला अशा तऱ्हेनं कधीच आठवला नव्हता. ती कॉलेजातून घरी आली होती, नवा फोन होता, देवळामागे चाळीस टेबलांचं जेवण होतं. आबांनी तिच्यासाठी एका ताटलीत तळलेला कोलंबीचा गोळा, चिकट भाताचा घास आणि दोन खेकड्याच्या नांग्या काढून ठेवल्या होत्या, पंगत बसायच्या आधी, सगळ्यांच्या नजरेआड. ती ताटली हातात घेऊन ती भटारखान्यात शिरली होती आणि फोन काढायला म्हणून ताटली खाली टेकवली होती, कोंबड्यांच्या शेजारी, जमिनीवर. आबांनी वर बघितलं होतं. "थांब गं, काढू नकोस. घाम तरी पुसू दे आधी." आणि टॉवेलाचं टोक तोंडाकडे नेलं होतं. ती थांबली नव्हती. हात पुसायच्या टॉवेलानं तोंड पुसणे, ही बहुधा चौथी चूक होती. शिजलेलं अन्न कच्च्या मांसाशेजारी जमिनीवर ठेवणे, सातवी किंवा आठवी. तो माणूस आयुष्यभर कच्च्याला आणि शिजलेल्याला दोन वेगळे ओटे, दोन वेगळ्या सुऱ्या वापरत आला. कोणी एका सुरीनं दोन्ही चिरलं तर दिवसभर त्याच्याशी बोलायचा नाही. आणि फोटोत दिसते ती ताटली. अकरा वर्षं तो शेवटच्या रांगेत बसून बघत राहिला की ती ताटली कुणाची आहे, टॉवेल कशासाठी वर गेला आहे. हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. सांगितली ती फक्त तेरावी, आणि तीही अशी सांगितली की लोकांनी हसून सोडून द्यावी. त्यात राग होता की नव्हता हे शोधायला तिनं आठवणीतला आबांचा प्रत्येक फोन उलटून पाहिला. दर वर्षी वर्गाच्या दिवशी संध्याकाळी ते फोन करायचे. "आज शाळेत जाऊन आलो," म्हणायचे. "पास झालो." ती विचारायची, काय शिकवलं? ते म्हणायचे, "तेच गं, जुनंच. हात धुवा." आणि मग थोडा वेळ दोन्हीकडे कोणी बोलायचं नाही. तिला वाटायचं, म्हातारपण आहे, बोलायला काही सुचत नाही. आता ती थोडी थोडी शांतता तिच्या हातात एकावर एक येऊन पडत होती, आणि प्रत्येक वेळी तिनंच आधी "बरं, ठेवते मग" म्हटलं होतं.

खाली स्कूटर उन्हात उभी होती. दुसऱ्या सहीसाठी रांग लागली. मावशी उठली, गुडघ्यावर हात टेकून. "चल, तुझं विम्याचं काम आहे म्हणे. आ-शिंग सांगत होता. सही चुकवू नकोस." युन-चेन तिच्यामागे गेली. टेबलावर बसलेल्या मुलीनं मान वर न करता पेन पुढे केलं.

दिवे पुन्हा मंद झाले आणि आबा पुन्हा आले. या वेळी हसू कमी होतं, लोक पोट भरून जड झाले होते. युन-चेननं खालचा डावा कोपरा बघितला. सावली होती. जमिनीवर लांबट पडलेली, कोपर दुमडलेलं, डोक्याभोवती केसांची विस्कटलेली कड. मुद्रितं तपासणारी बाई, एका टिंबाचाही फरक ओळखणारी, आणि हे तिच्या नजरेतून सुटलं होतं. सगळ्यांनी कागदावर आकडे लिहिले. फांग मॅडम एकेक चूक लाल वर्तुळ करून दाखवत गेल्या. उघडे केस. सिगरेट. जमिनीवरचं पातेलं. टॉवेल. वर्तुळं आबांभोवती जमत गेली, आणि ताटलीभोवती वर्तुळ पडलं तेव्हा युन-चेनला आपल्या कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं जाणवलं, लहानपणी वर्गात उभं केल्यासारख्या.

"बारा. कुणाला जास्त सापडल्या?"

तिचा हात वर गेला. मग ती उभी राहिली, हात वर केलेला असताना उभं राहायची गरज नव्हती तरीही. "तेरा," ती म्हणाली. "फोटो काढणारी व्यक्ती भटारखान्याच्या आत उभी आहे. टोपी नाही. खाली सावली आहे."

सभागृहात हसू उसळलं, ओळखीचं, सरावाचं. फांग मॅडमही हसल्या. "अरे, हे तर आमचे एक काका सांगायचे. दर वर्षी. या वर्षी दिसले नाहीत ते."

"गेला तो," ग्योक-की मावशी बसल्या जागेवरून म्हणाली. "सातव्या महिन्यात. फोटोत आहे तोच."

हसू सगळीकडून एकदम थांबलं नाही. मागच्या रांगांत ते थोडा वेळ चालत राहिलं आणि मग तिथंही विरलं. फांग मॅडमनी पडद्याकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच. "मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "हिरो म्हणायचे ते मला थट्टाच वाटायचं. ही स्लाइड मला आधीच्या मॅडमकडून मिळाली."

"ते माझे वडील," युन-चेन म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. "फोटो मी काढला. या कचेरीला मीच दिला. विचारलं तेव्हा ओळखीचा नाही म्हणून सांगितलं."

मावशीनं तिच्याकडे मान वळवली नाही. फक्त मांडीवरचे जाड हात एकमेकांत अडकवले आणि पडद्याकडे बघत राहिली. ते आपल्याला कळायला हवं होतं, सकाळीच, जेवतानाच, असं काहीसं तिच्या खांद्यांत दिसत होतं. फांग मॅडमचं बोट यंत्रावर होतं. "काढून टाकू का हा? आत्ता काढते. दुसरा फोटो शोधता येईल." एक बटण, की संपलं. ते किती हवंय हे युन-चेनला त्या क्षणी अंगभर कळलं, आणि का हवंय तेही कळलं, पुन्हा एकदा लपवायला.

"नको," ती म्हणाली. "राहू द्या. पुढच्या वर्षीही राहू द्या, मला दर वर्षी यायचंच आहे. फक्त उत्तरसूचीत तेरावी घाला. ते बरोबर सांगत होते."

फांग मॅडम गोंधळल्या, पण त्यांनी उत्तरसूचीचं पान पडद्यावर उघडलं. बाराच्या खाली तेराचा आकडा घातला आणि थांबल्या. "नियमात याचे दोन प्रकार आहेत," त्या हळू म्हणाल्या, नियम सांगताना त्यांचा आवाज जरा सावरला. "भटारखान्यात काम करणारी व्यक्ती टोपीशिवाय असेल तर ती एक चूक. आणि बाहेरची व्यक्ती आत शिरली असेल तर ती वेगळी. तुम्ही तेव्हा त्यांच्याकडे काम करत होता का?"

"घरचीच आहे की ती," मावशी म्हणाली, पण नेहमीच्या जोरानं नाही.

मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. युन-चेन उभीच होती.

"बाहेरची," ती म्हणाली. "बाहेरची लिहा."

आणि पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं ते तिनं शेवटपर्यंत वाचलं.